मुंबईत धावायला सुरुवात करताय? समुद्राकाठच्या सपाटीपासून मलबार हिलच्या चढापर्यंत

आमच्या घरात तीन जण धावतात, तिघांची तीन तऱ्हा. भाचा तेवीस वर्षांचा, त्याला चढ दिसला की अंगात येतं. मी चाळिशी उलटल्यावर सुरुवात केली आणि अजूनही दहा किलोमीटरनंतर स्वतःशी भांडते. सासूबाई अडुसष्टच्या, उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे त्या भरभर चालतात आणि मधेच दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळतात. या शहरातले समुद्राकाठचे आणि टेकडीवरचे रस्ते तिघांनीही तुडवलेत, पण एकच रस्ता तिघांना कधीच सारखा जमला नाही.

नव्या माणसाला सगळे आधी अंतर सांगतात. ‘मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटर, जाऊन-येऊन सात.’ खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. मला सर्वांत जास्त फजितीने शिकवलेली गोष्ट अशी, की नवीन रस्त्यावर जायच्या आधी परत कसं यायचं ते बघावं. अर्ध्यात पाय दुखला तर स्टेशन किती लांब, सावली आहे का, बाहेर पडायला वाट कुठे, परतताना चढ लागतो की उतार. खालचे रस्ते मी त्याच हिशेबाने लावलेत, सहज सोडून देता येणाऱ्या रस्त्यापासून सोडता न येणाऱ्या रस्त्यापर्यंत.

१. घराबाहेर पडण्याआधी

चाळिशीच्या पुढे असाल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा जिना चढताना छातीत जड वाटत असेल, तर आधी डॉक्टर. मी हे टाळलं होतं. नंतर तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की पहिले तीन महिने मी ‘माझ्यात दमच नाही’ म्हणून स्वतःला उगाच बोल लावत होते.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभराने पाय किंचित सुजतात आणि धावतानाही सुजतात. सकाळी चपखल बसलेला बूट पाचव्या किलोमीटरला अंगठ्याचं नख काळं करतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. महागडा बूट लागत नाही. कॉलेजच्या दिवसांतला कॅनव्हास मात्र चालणार नाही, कारण इथे पायाखाली बहुतेक काँक्रीट, लादी नाहीतर पेव्हर ब्लॉक असतात.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- फोटो असलेलं ओळखपत्र किंवा त्याची झेरॉक्स. मलबार हिलवर मंत्र्यांचे बंगले आणि लोकभवन (पूर्वीचं राजभवन) आहे, बंदोबस्त असतो.
- एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर. फोन लॉक असला की फोनमधले नंबर कुणाच्या उपयोगाचे नसतात.
- दोनशे रुपये, झिपच्या छोट्या प्लास्टिक पिशवीत. घामाने नोटेचा लगदा होतो आणि पहाटे शहाळंवाल्याकडे नेटवर्क असेलच असं नाही.
- लोकलचा पास किंवा तिकीट. जातानाच परतीचं काढा.
- घराची एकच किल्ली, बुटाच्या नाडीला बांधून. अख्खा जुडगा खिशात खुळखुळत नेऊ नका.
- आठ किलोमीटरच्या पुढे अर्धा लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू.

इअरफोन मुद्दाम यादीत नाही. रस्त्यावर एका कानात घातला तर चालेल. कान्हेरीच्या जंगलातल्या रस्त्यावर दोन्ही कान मोकळे पाहिजेत, कारण पुढे येईलच.

२. घड्याळ, ऊन आणि दमट हवा

मुंबईत जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीच्या अखेरीस सव्वासात होतात. म्हणजे जूनमध्ये पावणेसहाला निघालात तरी उजेड असतो, आणि जानेवारीत साडेसहाला निघालात तरी पहिला अर्धा तास अंधारातच जातो. एकट्या बाईने अंधारात कुठे जावं यावर सल्ले देणारे बरेच आहेत. माझा नियम साधा आहे: जिथे त्या वेळी आधीच दहा-वीस लोक चालत असतात तिथेच. शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्ह पाच वाजताही रिकामे नसतात. अडचण आलीच तर ११२ वर फोन.

दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. म्हणून पुण्याला सहज जमणारा वेग मुंबईत जमत नाही. भाच्याचा पुण्यातला मित्र इथे येऊन चौथ्या किलोमीटरला मटकन बसला तेव्हा त्याला पटलं. मे आणि ऑक्टोबर हे सर्वांत वाईट महिने. या महिन्यांत अंतर आणि वेग मोजूच नका, ठरलेली मिनिटं धावा आणि घरी या.

३. शिवाजी पार्क: पहिले दोन महिने इथेच

समुद्र इथून दिसत नाही, हे कबूल. पण तो पाठीमागच्या गल्लीतच आहे, आणि वाऱ्याला त्याचा वास असतो. मैदानाभोवतीच्या कट्ट्याची फेरी साधारण १.२ किलोमीटरची. फेरीतल्या कुठल्याही ठिकाणी थांबलात तरी बसायला कट्टा आहे, आणि सुरुवातीची जागा कधीच सहाशे मीटरपेक्षा लांब नसते. सासूबाईंना इथे आणलं त्याचं कारण हेच. ‘जमलं नाही तर बसेन’ असं त्या म्हणाल्या, आणि बसायची सोय आहे हे दिसल्यावर बसल्याच नाहीत.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, लागोपाठ नको. पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणता आला तर वेग बरोबर आहे. एकशे दोनला धाप लागली तर कमी करा. (पाढाच येत नसेल तर शेजारच्याशी गप्पा मारा, काम तेच.) दोन-तीन आठवड्यांनी पळायचं मिनिट दीड करा, मग दोन.

फेरीची दिशा अधूनमधून बदला. सगळे एकाच बाजूने फिरतात म्हणून आपणही फिरतो आणि वळणाचा ताण रोज एकाच पायावर येतो. सासूबाईंचा गुडघा दिशा बदलल्यावर कुरकुरायचा थोडा कमी झाला. त्याला शास्त्रीय आधार किती, ते डॉक्टरांनी सांगावं.

मैदानाच्या आतली माती पायाला मऊ असते, पण क्रिकेटची नेट लागायच्या आधीच. चेंडूचा एक फटका मी पोटरीवर खाल्लाय.

४. मरीन ड्राइव्ह: सपाट, लांब आणि सोडायला सोपा

नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग हे त्याचं कागदावरचं नाव. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकापासून गिरगाव चौपाटीपर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटर, जवळपास पूर्ण सपाट, आणि समुद्राच्या बाजूने एकही सिग्नल नाही. सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही: चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही तीन स्टेशनं जवळजवळ समांतर आहेत. पाय दुखला की रस्ता ओलांडायचा, पाच-दहा मिनिटं चालायचं, लोकलमध्ये बसायचं.

सकाळी इथे का यावं याला आणखी एक कारण आहे. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि सूर्य इमारतींच्या मागून उगवतो, त्यामुळे साडेसात-पावणेआठपर्यंत कठड्याकडच्या पट्ट्यावर बऱ्यापैकी सावली मिळते. संध्याकाळी याच्या अगदी उलट: ऊन समोरून तोंडावर, आणि गर्दी इतकी की धावणं म्हणजे माणसं चुकवत नाचणं.

नवख्यांसाठी माझी पद्धत अशी. चर्चगेटला उतरा, कठड्यापाशी जा, उजवीकडे चौपाटीच्या दिशेने निघा. लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी पोहोचलात की थांबा आणि चर्नी रोडहून घरी जा. परत धावू नका. तीन-चार रविवार एवढंच. मग एका रविवारी जाऊन-येऊन करा. मी उलटं केलं होतं: पहिल्याच दिवशी वारा पाठीवर घेत मस्त निघाले, वळल्यावर तोच वारा तोंडावर आला आणि मरीन लाइन्सपाशी पायात गोळे. तेव्हापासून जाताना वारा समोरून घेते, परतताना पाठीवर.

दम खायला थांबलात तर रस्त्यापलीकडच्या इमारती बघा. गोलाई घेतलेले सज्जे, जहाजासारखे कठडे. ही आर्ट डेको शैलीतली रांग आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

सापळे दोन. पहिला: कठड्यापलीकडचे काँक्रीटचे चौपायी ठोकळे, टेट्रापॉड. फोटोसाठी त्यांच्यावर उतरू नका. त्यांवरचं शेवाळ दिसत नाही, आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत अडकलेल्या माणसाला काढायला अग्निशमन दल लागतं. दुसरा: पावसाळ्यात लादी गुळगुळीत होते. जुलैत मी इथे फक्त चालते.

५. वाळूवर पळायचंय? आधी तिथी बघा

जुहूला जायचं तर भिंतीवरचं कॅलेंडर हवं. कोकणातले आणि कोळीवाड्यातले लोक भरतीची वेळ काढतात ती अशी: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे भरतीची साधारण वेळ, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला आठ गुणिले तीन चोवीस, भागिले चार सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले तीन पंचेचाळीस, भागिले चार सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

याचा धावणाऱ्याला फायदा काय? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशीच ओहोटीही मोठी, आणि ती येते पहाटे पाच-सहाला. त्या सकाळी जुहूला ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सकाळी त्याच वेळी गेलात तर पाणी वर आलेलं, आणि उरलेल्या भुसभुशीत कोरड्या वाळूत घोटे मुरगळून घ्याल. माझ्या तीन खराब सकाळी बहुधा अष्टमीच्याच असाव्यात. तेव्हा हे गणित ठाऊक नव्हतं.

वाळूवर पहिल्यांदा फक्त दहा मिनिटं. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जाब विचारतात. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून जितकं एका दिशेने तितकंच परत. नाहीतर एक पाय सतत खाली पडून कंबर धरते. अनवाणी धावायचा मोह पावसाळ्यात आवरा. जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल जीव किनाऱ्याला लागतात, वाळूत मेल्यासारखे पडलेले असले तरी डंख मारतात. विसर्जनानंतर आठवडाभर वाळूत मूर्तींचे तुकडे आणि तारा असतात.

६. वांद्रे: थोडा समुद्र, थोडा चढ

सपाटीवर पाच किलोमीटर न थांबता जमायला लागले की इथे या. बँडस्टँडचा कठडा दक्षिणेला वांद्र्याच्या किल्ल्यापाशी संपतो. उत्तरेला कार्टर रोडचा वेगळा कठडा आहे, दोघांच्या मध्ये चिंबई गावठाण आणि वाहता रस्ता. हा जोड नकाशावर सोपा दिसतो, प्रत्यक्षात रिक्षा, दुधाच्या गाड्या आणि कुत्री. तेवढा भाग चाला.

इथली खरी गंमत माउंट मेरीच्या चढात आहे. बँडस्टँडवरून चर्चकडे जाणारा रस्ता छोटा पण खडा आहे, आणि पहिला चढ शिकायला असाच हवा: एक-दीड मिनिटात संपणारा. वर जाताना पावलं लहान करा, नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा, कमरेत वाकू नका. उतरताना चाला. सुरुवातीला तीन वेळा वर, तीन वेळा खाली, मग समुद्राकडे जाऊन पाय मोकळे करा. सप्टेंबरमधल्या जत्रेच्या आठवड्यात मात्र इकडे फिरकू नका.

७. मलबार हिल: घाई केलीत तर मांड्या बोलतील

उंची जेमतेम पन्नास मीटर. सह्याद्रीतल्या माणसाला हसू येईल, पण समुद्रसपाटीवर सराव केलेल्या पायांना हा चढ पुरून उरतो.

चौपाटीवरून वाळकेश्वर रोड धरा. रस्ता समुद्राला डावीकडे ठेवत वळतो आणि हळूहळू वर चढतो. तीन बत्तीच्या नाक्यापर्यंत चढ सौम्य असल्यामुळे माणूस फसतो आणि वेग वाढवतो. तीन बत्तीनंतर बाळ गंगाधर खेर मार्ग, म्हणजे जुना रिज रोड, तुम्हाला थेट हँगिंग गार्डनपाशी नेतो. चौपाटीपासून साधारण अडीच किलोमीटर.

पहिल्या वेळी वाळकेश्वर रोडचा सौम्य भाग हळू पळा, तीन बत्तीपाशी थांबून पाणी प्या आणि वरचा भाग चाला. चढ चालल्याने कुणाचं नाक कापलं जात नाही. भाचासुद्धा लांब अंतराच्या दिवशी खडा भाग चालतो, आणि वर पोहोचतो माझ्याच वेळेला, फक्त धाप न लागता.

वर पोहोचल्यावर हँगिंग गार्डनमध्ये मोकळे व्हा. ही बाग पाण्याच्या जलाशयावर वसलेली आहे, म्हणून आत सपाट. समोर कमला नेहरू पार्क, बुटाच्या आकाराची इमारत म्हणजे म्हातारीचा बूट तिथेच. मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाचा त्या बुटात एक फोटो असतोच. तिथल्या कठड्यावरून मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते, आणि आपण खालून इथवर आलो हे पहिल्यांदा खरं वाटतं. कमला नेहरू पार्कजवळून झाडांमधून जाणारी लाकडी उन्नत वाट २०२५ च्या मार्चअखेरीस सुरू झाली. पंचवीस रुपयांचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. ती अरुंद आहे, तिथे धावू नका. सासूबाईंना आम्ही टॅक्सीने वर नेऊन तिथे चालवलं. त्यांच्या मते आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त पाहिलं.

आता उतार, जिथे मी चुकले. पहिल्यांदा वर पोहोचल्याच्या आनंदात मी खाली सुसाट पळत आले. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दादरच्या जिन्यावरून मला उलटं, कठडा धरून उतरावं लागलं. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. फुफ्फुसांना काम नसतं म्हणून आपल्याला सोपं वाटतं, आणि दुखणं एक-दोन दिवसांनी येतं. उतारावर पावलं लहान आणि भरभर टाका, टाच आपटू नका. गुडघ्याचं दुखणं असेल तर उतार चालतच उतरा, किंवा वरून बस पकडा. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या टेकडीला आहे?

जरा सराव झाला की बाणगंगेची फेरी जोडा. तीन बत्तीवरून खाली तलावाच्या पायऱ्यांपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. तलावाकाठी बूट वाजवत पळू नका, लोक पूजेला आणि श्राद्धाला आलेले असतात.

८. किनारी रस्त्याचा पदपथ: दिसतो सोपा, वाटा मोजक्या

प्रियदर्शिनी पार्क ते वरळी या पट्ट्यातला किनारी रस्त्यालगतचा (कोस्टल रोड) सव्वापाच किलोमीटरचा पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. नवा कोरा, सपाट, रुंद, समुद्राला लागून. मग हा मलबार हिलच्या नंतर का? कारण इथे मधेच सोडून देता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुसाट गाड्या, आणि पदपथावर यायला-जायला ठरावीक भुयारी मार्गच. एक भुयार मागे टाकलंत की पुढचं येईपर्यंत तुम्ही बांधील. झाडं अजून लहान आहेत, सावली नाही. माझ्या पहिल्या खेपेला पाणी संपलं ते नेमकं मधोमध.

म्हणून आठ किलोमीटर आरामात जमल्याशिवाय टोक-ते-टोक करू नका. ज्या भुयारातून आलात तिथून दोन किलोमीटर जा आणि परत या. साडेसातच्या आत बाहेर. वेगाचं काम करायचं असेल तर प्रियदर्शिनी पार्कमध्ये चारशे मीटरची धावपट्टी आहेच.

वरळीचा जुना सी-फेसही सरावाला चांगला. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा तिथे आहे. मला तो अंतराची खूण म्हणून उपयोगी पडतो. वांद्रे-वरळी सी-लिंकवर पायी जायला मनाई आहे, मॅरेथॉनचा दिवस सोडून.

९. कान्हेरी: जंगलाचे नियम वेगळे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता, एका बाजूने पाच-सहा किलोमीटर. वळणावळणाचा, झाडांतून जाणारा, शेवटी चांगला चढ. माझ्या मते शहरातला सर्वांत सुंदर रस्ता हाच. सावली भरपूर, माती-पानांचा वास, आणि वर शंभरहून अधिक लेणी.

रोज सकाळी जायचं असेल तर उद्यानाच्या कार्यालयातून सकाळच्या फेरीचा पास काढा. फोटो आणि ओळखपत्राची प्रत न्या. सोमवारी उद्यान बंद असतं. आमचे शेजारी ठाण्याहून सोमवारी सुट्टी टाकून आले आणि दार बघून परत गेले.

इथे बिबटे राहतात. अफवा नव्हे, त्यांचं घरच आहे ते. पहाटेच्या काळोखात आणि तिन्हीसांजेला जाऊ नका, एकटे जाऊ नका, दोन्ही कान उघडे ठेवा, आणि झुडपापाशी बूट बांधायला वाकून बसू नका. उभा माणूस आणि वाकलेला माणूस जनावराला वेगळे दिसतात. माकडांसमोर केळं काढू नका. परतताना उतार आहे, म्हणून सातवा मुद्दा पुन्हा वाचा.

१०. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा

अनंत चतुर्दशी आणि त्याची दुसरी सकाळ: गिरगाव आणि जुहू दोन्ही चौपाट्या विसरा. डिसेंबरचा पहिला आठवडा, विशेषतः ६ तारीख: शिवाजी पार्क आणि चैत्यभूमीला देशभरातून लोक आलेले असतात, तो परिसर त्यांचा. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा पालिका आधीच जाहीर करते; ते कात्रण फ्रिजवर लावा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी) बहुधा सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा लांबचं धावणं त्याआधी आटपा. घामाने निथळत तासभर फलाटावर उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि जानेवारीचा तिसरा रविवार. २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉन त्या दिवशी असते, दक्षिण मुंबईचे बरेच रस्ते बंद. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्यांना पेडर रोडचा चढ शेवटच्या दहा किलोमीटरच्या टप्प्यात लागतो, पाय संपल्यावर. तो सरावात एकदा तरी थकलेल्या पायांनी करून बघा: वरळीहून निघून, हाजी अलीवरून, केम्प्स कॉर्नरपर्यंत. नाव नोंदवायचं तर महिनेच्या महिने आधी. लांब अंतराला आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, आणि बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला मूळ ओळखपत्र लागतं.

पहिल्या वर्षी धावू नका, बघायला या. पेडर रोडच्या चढावर डाव्या हाताला सासूबाई संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असतात. सोलायला माणूस कमी पडतो.